गोरान इव्हानिसेविच आणि दुबार पेरणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावात मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. शाळेमागच्या पडीक तुकड्यावर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून आम्ही एक टेनिस कोर्ट तयार केलं आहे. तिथे मुलांना सर्व्हिस, म्हणजे गुण सुरू करणारा पहिला फटका, शिकवायची वेळ आली की मी दरवर्षी एकाच खेळाडूबद्दल बोलतो. आता हे नाव आजूबाजूच्या चार गावांत माहीत झालंय आणि पोरं, त्यांचे आईबाप, कधी एसटीची वाट पाहणारी माणसंही मला थांबवून विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवलेत.

हा गोरान कोन होय, सर?

गोरान इव्हानिसेविच. जन्म १३ सप्टेंबर १९७१, गाव स्प्लिट. एड्रियाटिक समुद्राकाठचं हे शहर तेव्हा युगोस्लाव्हियात होतं, आता क्रोएशियात आहे. उंची १९३ सेंटिमीटर, म्हणजे सहा फूट चार इंच. डावखुरा. १९८८ साली तो व्यावसायिक झाला, १९९४ मध्ये जागतिक क्रमवारीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला आणि २००४ मध्ये थांबला. एकेरीची २२ विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. त्यातलं ग्रँड स्लॅम, म्हणजे वर्षातल्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी, एकच, २००१ चं विम्बल्डन. तेवढं एक मिळेपर्यंत त्याचं काय काय झालं, तेच मी मुलांना सांगत असतो.

एक गोष्ट लोक विसरतात. तो खेळात वर येत होता त्याच वेळी त्याचा देश युद्धात होता. १९९२ च्या बार्सिलोनात स्वतंत्र क्रोएशियाचा संघ उन्हाळी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला, तेव्हा झेंडा धरून पुढे चालणारा गोरान होता. तिथे त्याने एकेरीत आणि दुहेरीत अशी दोन कांस्यपदकं मिळवली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता.

त्याची सर्व्हिस किती जोरात राहे?

ताशी २०० किलोमीटरच्या वर. आमच्या भागात वेग म्हटलं की उमेश यादव आठवतो. खाणकामगाराचा मुलगा, विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला क्रिकेटपटू. तो ताशी १४० च्या वर टाकायचा आणि समोरच्या फलंदाजाचे पाय हलायचे. टेनिसमध्ये हाताला रॅकेटची लांबी जोडली जाते, म्हणून चेंडू आणखी वेगाने सुटतो. हवेत आणि टप्प्यावर त्याचा वेग कमी होतो, तरी समोरच्याला मिळतो साधारण अर्धा सेकंद. तेवढ्यात चेंडू कुठल्या बाजूला चाललाय ते ओळखायचं, पाय टाकायचा, रॅकेट वळवायची.

समोरच्याच्या रॅकेटला न लागता थेट गुण मिळतो, त्या सर्व्हिसला एस म्हणतात. १९९२ च्या एका विम्बल्डनमध्ये गोरानने २०६ एस मारले. १९९६ या एका वर्षात त्याचे १४७७ एस झाले. एका मोसमातला तो विक्रम आजही तसाच आहे. कारकिर्दीत दहा हजारांवर एस मोजले गेलेला तो पहिला. पुढे त्याच्याच देशाच्या इव्हो कार्लोविचने २०१५ मध्ये त्याला मागे टाकलं आणि २०२२ मध्ये अमेरिकेचा जॉन इस्नर कार्लोविचच्याही पुढे गेला.

येवढा जोर येते कोठून? दंड तं काही पैलवानासारखे नाई दिसत.

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ज्वारीचं पीक हुरड्यावर आलं की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारा म्हातारा माणूस तुम्ही पाहिला असेल. दंड बारीक, पण दगड तीन धुरे ओलांडून जातो. जोर पायाच्या टाचेतून निघतो, कमरेतून वर चढतो, खांद्यात येतो आणि शेवटी हाताने दोरीचं एक टोक सोडायचं असतं. मधे कुठे अडखळलं की दगड पायाशी पडतो. सर्व्हिस अगदी अशीच आहे. गुडघे वाकतात, जमिनीला रेटा देतात, कंबर वळते, मग खांदा, मग कोपर, आणि चेंडूला लागण्याच्या क्षणी हाताचा पुढचा भाग गर्रकन बाहेरच्या बाजूला फिरतो. हात सगळ्यात शेवटी येतो. आमच्याकडे नवीन आलेली पोरं उलट करतात. पाय खिळलेले आणि सगळी ताकद मनगटात! त्यांना मी पहिले आठ दिवस रॅकेटच देत नाही. जुना चेंडू घेऊन कोर्टाच्या एका टोकाहून जाळीपलीकडे फेकायला लावतो. ज्याला फेकता येतं त्याला सर्व्हिस येते. गुरं राखणाऱ्या, चिंचा पाडणाऱ्या पोरांचा हात यात आधीच तयार असतो.

गोरानची आणखी एक खासियत होती. बहुतेक खेळाडू चेंडू उंच उडवतात, तो खाली येण्याची वाट पाहतात आणि मग मारतात. गोरान चेंडू कमी उंच उडवायचा आणि जवळजवळ वर जातानाच गाठायचा. सगळी हालचाल एका झटक्यात उरकायची. समोरच्याला अंदाज बांधायला वेळच मिळायचा नाही. नवशिक्यांनी याची नक्कल करू नये. लय बसलेली नसेल तर चेंडू जाळीतच जातो.

आता थोडं गणित, कारण दहावीची मुलं विचारतात. जाळी मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर उंच असते. मागची रेष जाळीपासून ११.८९ मीटर आणि सर्व्हिसचा चौकोन जाळीपलीकडे ६.४० मीटरपर्यंत. समजा चेंडू अगदी सरळ रेषेत गेला, तर जाळीवरून जाऊन चौकोनात पडण्यासाठी तो कमीत कमी २.६१ मीटर उंचीवरून मारावा लागतो. समरूप त्रिकोण मांडा, उत्तर तेवढंच येईल. प्रत्यक्षात गुरुत्वाकर्षण चेंडू खाली ओढतं आणि फिरकी त्याला आणखी खाली वळवते, म्हणून बुटक्यालाही सर्व्हिस करता येते. पण गोरानचा हात आणि रॅकेट मिळून तीन मीटरच्या आसपास पोचत असल्याने त्याच्यासमोर चौकोन जास्त उघडा असायचा. उंच माणसाची सर्व्हिस भारी का, याचं उत्तर या त्रिकोणात आहे.

आमचं पोट्टं डावखुरं हाये. हात बदलून घेऊ का?

अजिबात नको, भाऊ. जेवताना डावा हात वापरला म्हणून घरात बोलणी खाणारी मुलं मी पाहिली आहेत. कोर्टवर तोच हात देणगी ठरतो.

टेनिसमध्ये गुण कधी उजव्या चौकोनातून, कधी डाव्या चौकोनातून सुरू होतो. ४०-३०, ३०-४०, ॲडव्हान्टेज (४०-४० नंतर एकाची एका गुणाची आघाडी) असे गेम इकडचा तिकडे करणारे गुण डाव्या बाजूने खेळले जातात. डावखुऱ्याने तिथून वळणारी सर्व्हिस टाकली की ती उजव्या हाताच्या खेळाडूच्या बॅकहँडकडे जाते आणि टप्पा पडल्यावर कोर्टाबाहेर पळते. समोरचा बाजूच्या कुंपणापर्यंत ओढला जातो आणि इकडे सगळं मैदान मोकळं. गोरान अडचणीत आला की हीच सर्व्हिस काढायचा. ती येणार हे समोरच्याला ठाऊक असायचं, तरी हात पुरायचा नाही.

मंग तीन-तीन फायनल काऊन हरला?

१९९२ मध्ये आंद्रे अगासीकडून, १९९४ आणि १९९८ मध्ये पीट सॅम्प्रसकडून. तिन्ही विम्बल्डनच्याच.

१९९४ ची सोडून द्या. पहिले दोन सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या शेवटच्या गेममध्ये, गेले आणि तिसरा ०-६. सॅम्प्रस त्या दिवशी वरचढ होता. १९९८ ची पाच सेटपर्यंत गेली आणि ती हरल्यावर गोरान आतून मोडला, असं मला वाटतं. पण मी मुलांना दाखवतो ती १९९२ ची. उपांत्य फेरीत त्याने सॅम्प्रसला हरवलं होतं आणि अंतिम सामन्यात त्याने ३७ एस मारले. समोर अगासी, ज्याच्याकडे तोवर एकही ग्रँड स्लॅम नव्हतं, पण चेंडू परतवण्यात त्याच्यासारखा डोळा कोणाचाच नव्हता. पाचवा सेट, ४-५, गोरानची सर्व्हिस. सगळ्या जगात ज्याच्या सर्व्हिसची दहशत, त्याने त्या गेमची सुरुवात दोन डबल फॉल्टने केली. थोड्या वेळात सामना संपला होता.

मोठी सर्व्हिस असलेल्या माणसाचं सगळ्यात मोठं शस्त्र ऐन वेळी त्याच्याच हातात थरथरलं. एस किती मारले हे आकडे पुस्तकात येतात, पण त्याची सगळी कारकीर्द मला त्या दोन डबल फॉल्टभोवती फिरताना दिसते.

डबल फॉल्ट म्हंजे काय? दोनदा चुकाची सूट असते का?

सूट एकदाच असते. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी मिळते. दुसरीही चुकली तर गुण गेला, तो डबल फॉल्ट.

हे मी एकदा कोर्टच्या कडेला बसलेल्या एका शेतकऱ्याला समजावत होतो. ते म्हणाले, "म्हंजे दुबार पेरणी." मला इतकं चपखल उत्तर प्रशिक्षणाच्या कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. मृगाचा पाऊस पडला की माणूस हात सैल सोडून पेरतो. मग पावसाने दडी मारली, अंकुर जळाले, की दुबारची वेळ येते. बियाणं उधार आणलेलं, दिवस निघून चाललेले. त्या वेळी तिफणीवरचा हात वेगळाच असतो. पेरावं तर लागतंच, आणि हे हुकलं तर वर्ष गेलं हे पेरताना डोक्यात असतंच.

दुसरी सर्व्हिस तशी. खेळाडू वेग कमी करतो, चेंडूला फिरकी देतो, जाळीच्या बराच वरून काढतो. जास्त घाबरला तर चेंडू मऊ पडतो आणि समोरचा त्याच्यावर तुटून पडतो. जास्त जोर लावला तर बाहेर. भीती असूनही हात पूर्ण फिरवावा लागतो. चेंडू हळू चालावा, पण रॅकेट हळू चालता कामा नये, हे वाक्य मी रोज सकाळी निदान वीस वेळा बोलतो. गोरान पहिल्या सर्व्हिसचा राजा होता. दुसऱ्या सर्व्हिसने त्याला आयुष्यभर छळलं.

२००१ मध्ये मग झालं काय? नीट सांगा.

सांगतो. मी त्या दिवसाचा अर्धा साक्षीदार आहे.

२००१ च्या उन्हाळ्यापर्यंत गोरान संपला, असंच सगळे धरून चालले होते. डावा खांदा दुखावलेला. वर्षाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियन ओपनच्या पात्रता फेरीतच तो हरला होता. क्रमवारीत १२५ वा. एवढ्या खालच्या खेळाडूला विम्बल्डनमध्ये थेट प्रवेश नसतो. पूर्वीच्या तीन फायनलची आठवण ठेवून आयोजकांनी त्याला वाइल्ड कार्ड दिलं, म्हणजे आमंत्रणाने जागा. आमच्या भाषेत सांगायचं तर शेताची उलंगवाडी झाली होती, कापसाची वेचणी संपली होती. आता फरदडीत, मागाहून येणाऱ्या कापसात, कोणी काय वेचणार?

आणि तो वेचत गेला. कार्लोस मोया, अँडी रॉडिक, ग्रेग रुसेडस्की, मरात साफिन. यातले मोया आणि साफिन आधीच ग्रँड स्लॅम जिंकलेले आणि रॉडिक पुढे जिंकणारा. उपांत्य फेरीत इंग्लंडचा लाडका टिम हेन्मन. तो सामना शुक्रवारी सुरू झाला. हेन्मनने तिसरा सेट ६-० असा ओरबाडून घेतला, दोन-एकने पुढे गेला, आणि चौथा सेट सुरू असताना पाऊस आला. आपल्याकडे झडी लागते तशी. शनिवारी थोडा खेळ, पुन्हा पाऊस. रविवारी सामना पूर्ण झाला आणि गोरान पाच सेटमध्ये जिंकला. तो पाऊस आला नसता तर हे पान मी लिहिलं नसतं. नशिबाचा भाग होता हे मुलांपासून लपवू नये असं माझं मत आहे.

त्यामुळे अंतिम सामना सोमवारी गेला. ९ जुलै २००१. समोर ऑस्ट्रेलियाचा पॅट्रिक राफ्टर, आदल्या वर्षीचा उपविजेता. सोमवारची तिकिटं रांगेत उभ्या राहिलेल्या साध्या लोकांना मिळाली आणि सेंटर कोर्टवर क्रोएशियाचे आणि ऑस्ट्रेलियाचे झेंडे नाचत होते. एरवी त्या कोर्टवर टाळ्याही जपून वाजतात.

आपल्याकडे तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. गावात केबलचा टीव्ही एकाच घरी. मी आदल्या दिवसापासून त्यांना सांगून ठेवलं होतं. पेरण्या आटोपत आल्या होत्या, डवरणीला अजून वेळ होता, म्हणून चार माणसं माझ्याबरोबर बसली. टेनिसचं त्यांना काही कळत नव्हतं, पण दाढीवाला लंबू हरतोय की जिंकतोय एवढं कळत होतं. ६-३, ३-६, ६-३, २-६. चौथ्या सेटमध्ये पाय रेषेवर पडला म्हणून फॉल्ट दिला, तेव्हा तो चिडला, रॅकेट फेकली. घरच्या आजी म्हणाल्या, "आता हा हरते." पाचवा सेट सुरू झाला. सहा-सहाच्या आसपास असेल, लाईन गेली.

त्या काळात भारनियमन रोजचं होतं, कोणाला आश्चर्य वाटलं नाही. माणसं उठून गेली. मी तिथेच ओट्यावर बसून राहिलो. लाईन आली तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते आणि पडद्यावर दुसरंच काही चालू होतं. निकाल मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळला, एसटीने पेपर आला तेव्हा. फाट्यावर उभ्या उभ्या वाचला. ९-७. पेपर घेऊन मी त्या घरी गेलो आणि आजींना फोटो दाखवला.

शेवटचा गेम मी कित्येक वर्षांनी मोबाइलवर पाहिला. ८-७, गोरानची सर्व्हिस, विजयाचा गुण हातात. पुन्हा १९९२ सारखंच. हात जड झालेला दिसतो. विजयाचे तीन गुण हुकले, त्यातले दोन चक्क डबल फॉल्टने. एकावर राफ्टरने डोक्यावरून अप्रतिम लॉब काढला. मधे गोरान आकाशाकडे पाहून हात जोडतो, चेंडूचं चुंबन घेतो. चौथ्या वेळी राफ्टरचा परतीचा फटका जाळीत गेला आणि गोरान जमिनीवर पालथा पडला.

वाइल्ड कार्ड घेऊन विम्बल्डनची पुरुष एकेरी जिंकणारा तो एकटाच. हा विजय त्याने ड्राझेन पेट्रोविचला अर्पण केला. पेट्रोविच हा क्रोएशियाचा थोर बास्केटबॉलपटू, गोरानचा मित्र, १९९३ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला. स्प्लिटला परतल्यावर स्वागताला लाखावर माणसं बंदरात जमली होती.

लय रागीट होता म्हन्तात. असा माणूस पोरायसमोर कायले ठेवता?

हो, रागीट होता. नोव्हेंबर २००० मध्ये ब्रायटनच्या स्पर्धेत त्याने सामना सुरू असताना आपल्या रॅकेट मोडून टाकल्या. शेवटची मोडली तेव्हा खेळायला रॅकेटच उरली नाही आणि पंचांना सामना थांबवावा लागला. विम्बल्डन जिंकण्याच्या आठ महिने आधीची ही गोष्ट. आपल्यात तीन गोरान राहतात असं तो सांगायचा. एक चांगला, एक वाईट, आणि एक आणीबाणीला धावून येणारा.

मी हे मुलांना लपवत नाही. आमच्याकडे एक रॅकेट चार मुलांत फिरते, गटिंग, म्हणजे रॅकेटची जाळी, तुटलं तर ते करून आणायला यवतमाळला जावं लागतं. रॅकेट आपटणाऱ्या मुलाला मी पंधरा दिवस फक्त चेंडू गोळा करायला ठेवतो. पण ज्याच्या रागाने त्याचं इतकं नुकसान केलं, तोच माणूस त्या शेवटच्या गेममध्ये दोन डबल फॉल्टनंतरही पुन्हा रेषेवर उभा राहिला. ते मुलांनी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

कोनत्या वारी रॅकेट हाती द्यावं? काही शकुन असते का?

ज्या दिवशी मूल मागेल त्या दिवशी द्या. गोरान स्वतः भयंकर शकुन पाळायचा. २००१ च्या त्या पंधरवड्यात रोज सकाळी लहान मुलांचा टेलिटबीज हा कार्यक्रम बघायचा, कारण पहिल्या विजयाच्या दिवशी तो बघितला होता. त्याने मनाला आधार मिळत असेल. सर्व्हिस त्याने हजारो वेळा केलेल्या सरावातून आली होती.

तो कधी भारतात खेळला का?

खेळला आणि हरला. सप्टेंबर १९९५, दिल्ली, डेव्हिस चषकाची लढत, गवताचं कोर्ट. लिअँडर पेसने पहिले दोन सेट गमावून त्याला पाच सेटमध्ये हरवलं आणि भारताने क्रोएशियावर ३-२ असा विजय मिळवला. पेसची उंची आणि सर्व्हिस गोरानपुढे काहीच नव्हती. त्याच्याकडे होते पाय, जाळीवरचे हात आणि देशासाठी खेळताना अंगात येणारं काहीतरी. ज्यांची मुलं बुटकी आहेत त्या पालकांना मी हा सामना मुद्दाम सांगतो.

पोराचा खांदा तं नाई जाणार ना?

जाऊ शकतो. गोरानचाही गेला. विजयानंतर त्याच्या डाव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, २००२ चं विम्बल्डन त्याला खेळता आलं नाही, आणि त्यानंतर तो पूर्वीसारखा कधीच खेळला नाही.

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. काही वर्षांपूर्वी जिल्हास्तरीय स्पर्धेच्या आधी एका चौदा वर्षांच्या मुलाकडून मी एका दिवसात दीडशेवर सर्व्हिस करून घेतल्या. त्याचा हात छान चालत होता आणि मला मोह आवरला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट घालता येईना. तो तीन महिने बाहेर राहिला. त्याच्या वडिलांनी मला एक शब्दही बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासूनचा आमचा नियम असा: पंधरा वर्षांखालच्या मुलांनी एका दिवसात साठ सर्व्हिस, आठवड्यात तीन दिवस. आधी खांदा गरम करणं, नंतर ताणाचे व्यायाम. आणि दुखलं की थांबायचं, सरांना सांगायला लाजायचं नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत जी मुलं शेतात राबतात त्यांच्यासाठी हा आकडा मी आणखी कमी करतो.

पोट्टीले शिकवता येते का?

हो, बाई, नक्की. सेरेना विल्यम्सची सर्व्हिस महिला टेनिसमधली सर्वोत्तम मानली जाते. २०१२ च्या विम्बल्डनमध्ये तिने १०२ एस मारले आणि स्पर्धा जिंकली. कारकिर्दीत एकेरीची २३ ग्रँड स्लॅम. तिचा चेंडू वर उडवण्याचा हात इतका स्थिर की सर्व्हिस कुठे येणार ते ओळखूच येत नसे. आमच्या कोर्टवर सध्या सगळ्यात चांगली दुसरी सर्व्हिस एका सातवीतल्या मुलीची आहे.

आपल्या मातीत कोर्ट बनते का?

काळ्या मातीत नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती बुटाला धरून ठेवते. आम्ही वरचा थर काढून मुरूम टाकला, बारीक चाळून पुन्हा वर पसरला, पाणी मारून रोलर फिरवला. रेषा फक्कीच्या, रोज सकाळी पुन्हा मारायच्या. जाळीचे खांब वेल्डिंगवाल्याने करून दिले. चेंडू शहरातल्या क्लबमधून वापरलेले मिळतात, त्यांची लव गेलेली असते पण सरावाला चालतात. एकट्याने सराव करायचा तर गोदामाच्या भिंतीवर ९१ सेंटिमीटरवर खडूने रेघ ओढा. सर्व्हिस हा टेनिसमधला एकमेव फटका असा आहे ज्याला समोरच्या माणसाची गरज नाही. खेड्यातल्या एकट्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे. आणि गोरानही लहानपणी लाल मातीच्या कोर्टवरच शिकला. गवत त्याला पुढे मिळालं.

आताही नुसत्या सर्व्हिसवर कोनी चालते का?

नुसत्या सर्व्हिसवर कोणीच कधी पूर्ण चाललं नाही. २०१० मध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला महू यांच्यातला सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटं चालला. शेवटचा सेट ७०-६८. इस्नरचे ११३ एस, महूचे १०३. कोणीच कोणाची सर्व्हिस तोडू, म्हणजे समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकू, शकत नव्हतं. इस्नरला ग्रँड स्लॅम मात्र कधीच मिळालं नाही.

महाराष्ट्रातल्या लोकांनी असा सामना डोळ्यांनी पाहिलाय. जानेवारी २०१९, पुण्यात बालेवाडीला केविन अँडरसन आणि ३९ वर्षांचा, २११ सेंटिमीटर उंचीचा कार्लोविच अंतिम फेरीत होते. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले, अँडरसन जिंकला. आता कोर्ट पूर्वीपेक्षा संथ झालीत, रॅकेट आणि गटिंग बदललं, परतवणारे तयार झाले. सर्व्हिससोबत बाकीचा खेळही लागतो.

खेळ सुटल्यावर त्यानं काय केलं?

प्रशिक्षक झाला. मारिन चिलिच त्याच्या हाताखाली असताना २०१४ ची यूएस ओपन जिंकला. पुढे नोव्हाक जोकोविचबरोबर काही वर्षं, मार्च २०२४ पर्यंत. जोकोविचची सर्व्हिस त्या काळात अधिक धारदार झाली, हे कोणीही जुने आणि नवे सामने शेजारी ठेवून पाहू शकतो. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली.

खरं सांगा सर, आपल्या गावातलं पोट्टं प्रोफेशनल होईल का?

खरं सांगतो. फार कठीण आहे. राष्ट्रीय क्रमवारीचे गुण मिळवायचे तर वर्षभर स्पर्धा खेळाव्या लागतात. नागपूर जवळचं, पण पुणे, दिल्ली, चेन्नईही करावं लागतं. प्रवास, राहणं, प्रशिक्षक, रॅकेट, फिजिओ. दोन एकर कोरडवाहू शेतीवर हा खर्च निघत नाही आणि मी कोणालाही शेत गहाण ठेवून हे करायला सांगणार नाही. तालुका, जिल्हा, विभाग अशा शालेय स्पर्धा आहेत, तिथपर्यंत आमची मुलं जातात. एखाद्यात खरोखर काही दिसलं तर मी स्वतः नागपूरला घेऊन जाईन, तिथल्या प्रशिक्षकांना दाखवीन, शिष्यवृत्तीसाठी खेटे घालीन. आजवर एकदा तसं गेलो आहे. मुलगा परत आला, आता पोलीस भरतीची तयारी करतो आणि रविवारी लहान पोरांना चेंडू वर कसा उडवायचा ते शिकवतो.

कोर्ट केव्हा चालू असते?

उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते साडेसात, त्यानंतर ऊन सहन होत नाही. हिवाळ्यात शाळा सुटल्यावर अंधार पडेपर्यंत. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि पायात बूट हवेत. बूट नसतील तर शाळेत दोन-तीन जोड ठेवलेले आहेत, मापाचे निघतात का ते पाहू. पोळ्याच्या दोन्ही दिवशी सुट्टी. झडी लागली की मुरूम भिजतो आणि तीन-चार दिवस कोर्ट बंद राहतं. तेव्हा आम्ही वर्गात प्रोजेक्टरवर २००१ ची फायनल लावतो, पाचव्या सेटपासून. लाईन असली तर.